जॅकवेलमधला व्हर्टिकल टर्बाइन पंप: वर काढण्याआधी बिघाड कुठे आहे ते ओळखा

नदी वर्धा असो, वैनगंगा, पैनगंगा की पूर्णा, काठावर जॅकवेल (नदीचं पाणी घेणारी खोल विहीर) आणि त्यात उभा टर्बाइन पंप ही मांडणी विदर्भातल्या अनेक प्रादेशिक पाणीपुरवठा आणि उपसा सिंचन योजनांत आहे. मोटर वर स्लॅबवर, इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) खाली पाण्यात आणि मधे पंधरा-वीस मीटर शाफ्ट, जो कुणालाच दिसत नाही. पाणी कमी झालं किंवा आवाज बदलला की सगळा संशय त्या न दिसणाऱ्या भागावर जातो आणि पंप वर काढायची तयारी सुरू होते.

पंप काढायला चेन कप्पी, गँट्री, चार-सहा माणसं लागतात आणि दोन-तीन दिवस पाणी बंद राहतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर नळ बंद पडला की लोकांपुढे विहिरीचं खारं पाणी नाहीतर टँकर एवढंच उरतं. शिवाय प्रत्येक काढणीत शाफ्टचे आटे आणि फ्लँजचे गॅस्केट थोडे खराब होतात. एवढं करून दोष नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा वीजपुरवठ्यात निघाला, तर ते गावाचं नुकसानच आहे. पंपाचे बहुतेक यांत्रिक बिघाड स्लॅबवर उभं राहून ओळखता येतात. त्यासाठी टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारा), प्रेशर गेज, वजन बांधलेली दोरी, डायल गेज आणि पट्टा-पाना पुरतो. पंप वर निघायला हवा तो हे निदान झाल्यावर, आणि काय बदलायचं ते सामान हातात असताना.

हात लावण्याआधी

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा, स्टार्टरवर कुलूप आणि पाटी लावा. डिलिव्हरीचा स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. हे विसरलं आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर रायझिंग मेनचं (पंपापासून पुढे जाणाऱ्या मुख्य पाईपलाइनचं) पाणी उलटं खाली येतं आणि वीज नसतानाही शाफ्ट उलटा गरागरा फिरतो. कपलिंगवर हात ठेवलेला माणूस अशा वेळी जबर जखमी होतो. जॅकवेलमध्ये उतरायची वेळ आली तर एकट्याने उतरू नका. बंद विहिरीत हवा खराब असू शकते. आधी सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या, कमरेला दोर बांधा, वर दोन माणसं उभी ठेवा.

पंप चांगला असतानाचे आकडे

निदान म्हणजे तुलना, आणि तुलनेला जुना आकडा लागतो. पंप ठीक चालत असताना लॉगबुकात रोज पाच गोष्टी लिहा: तिन्ही फेजचे व्होल्ट, तिन्ही फेजचे अँपिअर, गेजचं प्रेशर, स्लॅबपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर आणि थ्रस्ट बेअरिंगचं (शाफ्टचा खालच्या दिशेचा भार पेलणारं बेअरिंग) तापमान. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला किती पाणी येतं ते, मोजा.

एक उदाहरण घेऊ. मोटर १०० एचपी म्हणजे ७५ किलोवॅट, १४५० आरपीएम. पंप ६० लिटर प्रति सेकंद, ८० मीटर हेड (पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावं लागतं ते). कॉलम (पाणी वर आणणारा उभा पाईप) तीन-तीन मीटरचे सहा पाईप, म्हणजे १८ मीटर. एकूण हेड असं काढा: गेजवर ६.४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर ते ६४ मीटर, गेजपासून पाण्याची पातळी १५ मीटर खाली, कॉलममधल्या घर्षणाचा साधारण १ मीटर. झाले ८० मीटर. पाण्याला द्यावी लागणारी ताकद ६० गुणिले ८० भागिले १०२, म्हणजे ४७ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे ६३ किलोवॅट आणि मोटरची ९३ टक्के धरली तर लाईनमधून सुमारे ६७.५ किलोवॅट. ४१५ व्होल्टला, ०.८६ पॉवर फॅक्टरला हे सुमारे १०९ अँपिअर होतात. व्होल्टेज ३८० वर घसरलं की तेच काम करायला ११९ अँपिअर लागतात. म्हणून अँपिअर वाढले म्हणून पंपावर आरोप करण्याआधी त्याच वेळचे व्होल्ट बघा. टोकाच्या फीडरवर उन्हाळ्यात हा फरक रोजचाच असतो.

डिस्चार्ज मोजायला फ्लो मीटर नसेल तर संप (पाणी साठवायची टाकी) वापरा. ६ मीटर व्यासाच्या गोल संपचं क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून पातळी १० सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागतात ते घड्याळाने बघा. तेवढ्या चढात २,८२७ लिटर पाणी येतं. ४७ सेकंद लागले तर ६० लिटर प्रति सेकंद, ५६ लागले तर जेमतेम ५०. दहा सेंटिमीटरऐवजी तीस घेतले तर चूक आणखी कमी होते.

पाण्याची पातळी प्रत्येक मोजणीबरोबर लिहिलीच पाहिजे. पावसाळ्यात जॅकवेल भरली आणि पातळी दहा मीटरने वर आली की हेडमधून तेवढे मीटर वजा होतात, डिस्चार्ज वाढतो, अँपिअर बदलतात. जुलैचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशी लावला तर चांगल्या पंपावरही खोटा आळ येतो.

अँपिअर आणि प्रेशर एकत्र वाचा

आधी मीटर खरं बोलतात का ते बघा. गेजचा कॉक बंद करून दाब सोडला की काटा शून्यावर यायला हवा. कित्येक पंपघरांत काटा वर्षानुवर्षं एकाच जागी अडकलेला असतो. पॅनेलच्या अँमीटरवर विसंबू नका, टाँग टेस्टरने तिन्ही फेज मोजा. एका फेजचा करंट वेगळा दिसला तर तिन्ही वायरी एकाच दिशेने एक-एक घर पुढे सरकवून जोडा. असं केल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्त करंट पुरवठ्याच्या त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात, मोटरच्या त्याच वायरीबरोबर सरकला तर मोटरच्या वाइंडिंगमध्ये. दोन्ही बाबतींत पंप निर्दोष आहे.

आता दोन्ही आकडे सोबत बघा.

मोटर फिरते, पाणी नाही, गेज शून्य आणि करंट एकदम ४० अँपिअरच्या आसपास. हा जवळपास मोटरचा रिकामा करंट आहे. शाफ्ट तुटला, कपलिंगचे आटे सुटले किंवा वरची चावी (शाफ्ट आणि कपलिंग एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी) कापली गेली. पाण्याची पातळी बेलमाऊथच्या (पंपाच्या खालच्या टोकाचं कर्ण्यासारखं तोंड) खाली गेली असेल तरीही करंट खूप पडतो, म्हणून आधी दोरी टाकून पातळी बघा.

प्रेशर जास्त, करंट कमी. पुढे कुठेतरी वाट बंद आहे: स्लुइस व्हॉल्व्हची पट्टी स्पिंडलपासून सुटून खाली पडली, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अडकला किंवा रायझिंग मेनवरचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला. चाक फिरतं पण पट्टी हलत नाही हा व्हॉल्व्हचा दोष फार फसवा आहे. चाकाचे फेरे मोजा आणि शेवटी पट्टी टेकल्याचा धक्का हाताला लागतो का बघा.

प्रेशर कमी, करंट जास्त. पुढे पाईप फुटला किंवा वॉशआउट (लाईन रिकामी करायचा व्हॉल्व्ह) उघडा राहिला असेल तर पंप कमी हेडवर भरमसाट पाणी ढकलतो आणि करंट वाढतो. लाईन फिरून बघितल्याशिवाय पंपाला हात लावू नका.

प्रेशर कमी, करंटही कमी. इथे खरी परीक्षा आहे, कारण चार कारणं सारखी दिसतात: स्ट्रेनर (तोंडाची जाळी) किंवा इंपेलर चोंदला, वेअर रिंग (इंपेलरच्या गळ्याभोवतीच्या कड्या) झिजल्या, अर्ध्या उघड्या इंपेलरची पातळी नीट नाही किंवा बेलमाऊथवर पाणी कमी आहे. किती दिवसांत घट झाली यावरून अर्धं उत्तर मिळतं. एका रात्रीत घट झाली आणि नदीला पूर येऊन गेला असेल तर पऱ्हाटीचे तुकडे, तणीस, प्लास्टिक, निर्माल्य यांनी स्ट्रेनर बंद झाला आहे. पंप बंद करून पाणी उलटं खाली जाऊ दिलं की कधी कधी कचरा सुटतो आणि पुढच्या चालूला प्रेशर सुधारतं. सुधारलं आणि तासाभरात परत पडलं तर कचरा नक्की. घट दोन-तीन हंगामांत हळूहळू झाली असेल तर झीज.

झीज पक्की करायला व्हॉल्व्ह बंद करून शटऑफ प्रेशर बघा. एका मिनिटाच्या आत गेज वाचा आणि व्हॉल्व्ह लगेच उघडा, नाहीतर बाऊलमधलं (इंपेलरभोवतीचं कवच) पाणी तापतं. वाचलेल्या प्रेशरमध्ये पातळीचं अंतर मिळवा आणि कंपनीच्या कर्व्हवरच्या (पंपाच्या आलेखावरच्या) शून्य डिस्चार्जच्या हेडशी लावा. ते बरंच कमी भरलं तर इंपेलर किंवा रिंगा गेल्या. शटऑफ ठीक पण चालू असताना डिस्चार्ज कमी, तर सक्शनकडे अडथळा शोधा. ही चाचणी रेडियल आणि नेहमीच्या टर्बाइन प्रकारासाठीच आहे. कमी हेडच्या, जास्त पाण्याच्या मिक्स्ड फ्लो किंवा प्रोपेलर पंपावर व्हॉल्व्ह बंद केला तर लोड वाढतो आणि मोटर ट्रिप होते.

प्रेशर कमी, पण करंट जवळपास नेहमीचाच. पंप पाणी उचलतो आहे, पण ते वर पोचत नाही. कॉलम पाईपला भोक पडलं किंवा फ्लँजचं गॅस्केट गेलं. पंप चालू ठेवून मॅनहोलमधून मोठ्या टॉर्चने बघा. पाण्याच्या वरच्या भागात गळती असेल तर भिंतीवर फवारा उडताना दिसतो आणि पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. किती नंबरच्या पाईपवर आहे ते मोजून घ्या, म्हणजे तेवढेच पाईप काढावे लागतील.

हाताने फिरवा, मग उचला

ही दोन कामं सगळ्यात जास्त सांगून जातात आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जातात.

वीज काढून, व्हॉल्व्ह बंद करून, कपलिंगवर पट्टा-पाना लावा आणि बाणाच्या दिशेने फिरवा. बहुतेक पंप वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. रॅचेट (उलटं फिरणं अडवणारी कळ) असेल तर दुसऱ्या दिशेने फिरणारच नाही, जोर लावू नका. ग्लँड (शाफ्टभोवती दोरी भरून गळती आवरणारा भाग) थोडी सैल करून परत फिरवा. पूर्ण फेऱ्यात सारखाच जोर लागला तर ठीक. फेऱ्यात एकाच ठिकाणी जड जात असेल तर शाफ्ट वाकडा. सगळीकडे जड आणि करकर असेल तर बाऊलमध्ये वाळू बसली किंवा इंपेलर तळाला टेकला. अगदी हलका, भार नसल्यासारखा फिरत असेल तर खाली काहीतरी सुटलं आहे.

आता उचल. वरच्या ॲडजस्टिंग नटाचा लॉक काढा. हॉलो (पोकळ) शाफ्ट मोटरमध्ये हा नट मोटरच्या टोपीखाली असतो, सॉलिड शाफ्टच्या पंपात डिस्चार्ज हेडवरच्या (पंपाचा स्लॅबवरचा, पाणी बाहेर वळवणारा भाग) थ्रस्ट हाऊसिंगमध्ये किंवा ॲडजस्टेबल कपलिंगमध्ये. शाफ्ट खाली सोडा, इंपेलर बाऊलवर टेकू द्या. टेकला की हाताने फिरवताना घासतो. तिथे खूण करा. मग नट फिरवत शाफ्ट वर घ्या. फिरणं मोकळं झालं की दुसरी खूण. वर घेत राहा, इंपेलर बाऊलच्या वरच्या बाजूला टेकून परत जड होईल, तिसरी खूण. पहिल्या आणि तिसऱ्या खुणेतलं अंतर म्हणजे एकूण खेळ. तो कंपनीच्या कागदावरच्या आकड्याशी लावा.

खेळ कमी भरला तर बाऊलमध्ये वाळू-गाळ दाबून बसलाय किंवा एखादा इंपेलर कोलेटवरून (इंपेलरला शाफ्टवर घट्ट धरणारी निमुळती बाही) सरकलाय. जास्त भरला तर बैठका झिजल्या. आणि नट सहज फिरत राहिला, शाफ्ट वर येतच राहिला, कुठे अडलाच नाही, तर शाफ्ट तुटला आहे. ४० मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या शाफ्टचं वजन मीटरला जवळपास १० किलो असतं. १८ मीटरला पावणेदोनशे किलोच्या वर, त्यात इंपेलरांचं वजन वेगळं. हा भार नटाला जाणवतो. नट जितका हलका, तुटलेली जागा तितकी वर.

उचल किती ठेवायची हा प्रश्न इथेच सोडवायचा. पंप चालू झाला की पाण्याचा दाब इंपेलरला खाली ढकलतो आणि शाफ्ट ताणला जातो. ४० मिमीचा, १८ मीटर लांबीचा शाफ्ट दीड टन भाराखाली एक मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. नटाचे आटे इंचाला दहा असतील तर एका फेऱ्यात २.५४ मिमी उचल मिळते. कुणी पाव फेराच उचल ठेवली, म्हणजे ०.६ मिमी, तर बंद पंप हाताने छान मोकळा फिरतो आणि चालू झाला की इंपेलर तळाला घासतो. करंट वाढतो, खालून खरखर येते, बंद करून तपासलं तर काहीच सापडत नाही. पंप बंद असताना मोकळा आणि चालू असताना घासतो ही तक्रार आली की आधी उचल तपासा, कारण हा दोष अर्ध्या तासात, एकही पाईप न काढता सुटतो. उचल ताणापेक्षा जास्त आणि कंपनीने सांगितलेल्या चालत्या फटीसकट हवी. उघड्या इंपेलरला मात्र गरजेपेक्षा जास्त उचल दिली की प्रेशर पडतं, हेही ध्यानात ठेवा.

थरथर

थरथर मोजायचं यंत्र असेल तर मोटरच्या वरच्या टोकाला, दोन काटकोनातल्या दिशांनी मोजा आणि पंप नवा असतानाच्या आकड्याशी लावा. दुप्पट झाली तर कारण शोधल्याशिवाय चालवू नका.

पहिली पायरी: मोटर पंपापासून सोडवा आणि एकटी चालवा. हॉलो शाफ्टला वरचा ड्राइव्ह कपलिंग काढला की झालं. एकटी मोटर थरथरत असेल तर बेअरिंग, रोटरचा तोल किंवा फाउंडेशन बोल्ट. एकटी शांत असेल तर कारण खाली आहे.

दुसरी पायरी: हेड शाफ्टवर (सगळ्यात वरचा शाफ्ट), ग्लँडच्या जवळ डायल गेज लावून एक पूर्ण फेरा हाताने फिरवा. ०.१ मिमीच्या वर झोल दिसला तर हेड शाफ्ट वाकडा आहे किंवा त्याचं टोक कपलिंगमध्ये सरळ टेकलेलं नाही. लाइन शाफ्टसाठी (कॉलममधले शाफ्ट) तीन मीटर लांबीत ०.१२५ मिमीपेक्षा जास्त झोल चालत नाही.

तिसरी पायरी डिलिव्हरी पाईपची, आणि विदर्भात ती सोडू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते. तिच्यावर टेकलेले पाईपचे सपोर्ट आणि थ्रस्ट ब्लॉक हलतात आणि डिस्चार्ज हेड एका बाजूला ओढलं जातं. पंप बंद करून, दाब सोडून, डिलिव्हरीच्या फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल करा. फ्लँज उडी मारून बाजूला सरकला तर पाईप पंपाला ओढत होता. सपोर्ट सुधारा, डिसमेंटलिंग जॉइंट नीट बसवा. थरथर हंगामाप्रमाणे वाढते-कमी होते अशी नोंद लॉगबुकात असेल तर हा संशय आधी घ्या.

खडी चाळल्यासारखा आवाज कॅव्हिटेशनचा (पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटण्याचा). जॅकवेलमध्ये डोकावून बघा: पाण्यावर भोवरा दिसतो का, हवा ओढल्याचा घरघराट येतो का. बेलमाऊथवर पाणी किती हवं ते ड्रॉइंगवर असतं, नसेल तर बेलमाऊथच्या व्यासाच्या दीड ते दोन पट धरा. दोरीने गाळही मोजा. बेलमाऊथ आणि तळ यांच्यात साधारण व्यासाच्या निम्मं अंतर असावं. ४०० मिमीच्या बेलमाऊथखाली २०० मिमी जागा होती आणि पावसाळ्यानंतर तिथे १२० मिमी गाळ बसला तर पंपाचा गळा आवळल्यासारखा होतो. यावर उपाय गाळ काढणं हाच आहे.

ग्लँड आणि थ्रस्ट बेअरिंग

ग्लँडमधून थेंब पडत राहिले पाहिजेत, मिनिटाला चाळीस ते साठ. फरशी ओली होते म्हणून नट आवळून गळती पूर्ण थांबवली की दोरी करपते, शाफ्टच्या स्लीव्हवर खाचा पडतात आणि मग कितीही दोरी भरा, पाणी थांबत नाही. दोरीच्या रिंगा तिरप्या कापा आणि प्रत्येक जोड आधीच्या जोडापासून पाव फेरा सरकवून ठेवा. नवी दोरी भरूनही दोन दिवसांत धार लागत असेल तर दोष दोरीत शोधू नका, शाफ्ट झुलतो आहे.

थ्रस्ट बेअरिंगचं तापमान हवेच्या तापमानाशी लावून बघा. नवतपात हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा बेअरिंग ८० अंश दाखवेल. हवेपेक्षा चाळीस अंशांहून जास्त फरक, किंवा रोज वाढत जाणारा फरक, ही धोक्याची खूण. तेलाचा थोडा नमुना काचेच्या बाटलीत घ्या. दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलं, चकाकी दिसली तर धातू झिजतोय. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐका. सलग घुं आवाज ठीक, टकटक किंवा किरकिर वाईट.

शाफ्ट तुटण्यामागे बऱ्याचदा वीज असते

डीपीवर काम झालं, केबल बदलली, आणि फेज उलटे जोडले गेले. लाइन शाफ्टची कपलिंगं फिरण्याच्या दिशेने आवळत राहावीत असे आटे ठेवलेले असतात, म्हणून मोटरने उलट्या दिशेने जोर लावला की तीच सुटतात. सुटत सुटत शाफ्ट लांब होतो, वर उचलला जातो आणि सॉलिड शाफ्टच्या मोटरवर मोठा आघात होतो. रॅचेट चांगला असेल तर मोटर फिरणारच नाही, गुणगुणत ट्रिप होईल. अशा वेळी रिले दाबून पुन्हा पुन्हा चालू करू नका. डीपी, केबल किंवा पॅनेलवर कोणतंही काम झालं की पंप मोटरपासून सोडवून एकट्या मोटरची दिशा बघा, मगच जोडा. रिव्हर्स फेज आणि सिंगल फेज दोन्ही ओळखणारा प्रिव्हेंटर बसवा आणि तो कुणी बायपास केलेला नाही याची दर महिन्याला खात्री करा.

दुसरा प्रकार: वीज गेली आणि लगेच आली. कॉलममधलं पाणी खाली जाताना रॅचेट नसलेला किंवा मोडलेला पंप उलटा फिरत असतो. त्याच वेळी ऑटो स्विचने मोटर चालू केली की पूर्ण झटका शाफ्टवर येतो. स्टार्टरमध्ये टायमर लावा आणि उलटं फिरणं पूर्ण थांबायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्यावर ठेवा. पाच मिनिटं ठेवली तर नुकसान काही नाही.

तिसरा प्रकार पाण्याने वंगण मिळणाऱ्या रबर बेअरिंगचा. चालू पंपात कॉलममधलं पाणीच त्यांना भिजवतं. सुरुवातीला मात्र पातळीच्या वरची सगळी बेअरिंगं कोरडी असतात. १४५० आरपीएमच्या पंपात ती साधारण दर तीन मीटरला एक असतात, म्हणजे पातळी १५ मीटर खाली असताना चार-पाच कोरडी. कोरडं रबर काही सेकंदांत तापून शाफ्टला चिकटतं. प्री-लुब्रिकेशन टाकीचा व्हॉल्व्ह आधी उघडा, पाणी सगळ्यात खालच्या कोरड्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ द्या, मगच स्टार्टर. टाकी रिकामी, व्हॉल्व्ह गंजलेला आणि उन्हाळ्यात दिवसातून सहा वेळा वीज ये-जा, हे तिन्ही जिथे एकत्र आहेत तिथे थरथर वाढणारच.

काढलाच तर भाग वाचा

मोटरच्या वायरींवर खुणा करा, प्रत्येक पाईप, शाफ्ट आणि कपलिंगवर वरून खाली नंबर टाका. शाफ्ट सोडवताना आट्यांची दिशा आधी बघा, उलट जोर लावून आटे मोडू नका. काढलेला शाफ्ट लाकडी ठोकळ्यांवर तीन-चार ठिकाणी आधार देऊन ठेवा. दोन टोकांवर ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो.

धुण्याआधी सगळं बघा. झिजेचा नमुना कारण सांगतो. शाफ्ट सगळीकडून सारखा घासला आहे आणि बेअरिंग एकाच बाजूने खाल्लं आहे, तर कॉलम तिरका किंवा डिस्चार्ज हेड लेव्हलमध्ये नाही. उलट बेअरिंग सगळीकडून झिजलं आणि शाफ्ट एकाच बाजूला घासला, तर शाफ्ट वाकडा किंवा इंपेलरचा तोल गेला. पहिल्या प्रकारात नवं बेअरिंग टाकून काहीच साधत नाही, लेव्हल करावी लागते.

तुटलेल्या शाफ्टचं तोंड घासून साफ करू नका. गुळगुळीत भागावर शिंपल्यासारख्या रेघा आणि एका कडेला खडबडीत तुकडा असेल तर तो थकव्याने, अनेक महिने तडा वाढत वाढत तुटला. मूळ कारण झोल, वाकडेपणा किंवा कपलिंगमध्ये नीट न टेकलेली टोकं. सगळं तोंड ताजं आणि पिळवटलेलं असेल तर एकाच झटक्यात गेला: उलटं फिरताना चालू केला किंवा इंपेलर वाळूने जाम झाला.

इंपेलरच्या पात्यांवर पाणी शिरतं त्या कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखे खड्डे कॅव्हिटेशनचे, गुळगुळीत लाटांसारख्या खाचा वाळूच्या. वेअर रिंगचा आतला व्यास आणि इंपेलरच्या गळ्याचा बाहेरचा व्यास मोजून वजाबाकी करा. मूळ फटीच्या दुप्पट झाली असेल तर रिंग बदला.

खाऱ्या पाण्यातल्या पंपाला आणखी एक तपासणी लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल तेवढं खारं नाही, पण बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बाऊलवर परिणाम त्याच जातीचा होतो. बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि मागे मऊ काळं ग्रॅफाइट उरतं. आकार जसाच्या तसा दिसतो, रंग लावला तर नवा वाटतो. चाकूच्या टोकाने खरवडा: काळी भुकटी निघाली आणि टोक आत रुतलं तर तो बाऊल टाकून द्या. स्टेनलेसच्या शाफ्टवर बेअरिंगच्या आणि कपलिंगच्या आतल्या जागी बारीक खोल छिद्रं बघा. पंप महिनोन्‌महिने बंद ठेवला की साचलेल्या खाऱ्या पाण्यात ती लवकर पडतात, म्हणून राखीव पंपही आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. नवे भाग घेताना बिडाऐवजी ब्राँझचे इंपेलर आणि क्षारांना टिकणाऱ्या दर्जाचं स्टील मागा, आणि मागणीत पाण्याचा तपासणी अहवाल जोडा.

परत बसवताना

डिस्चार्ज हेडची बैठक स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना बघा. शाफ्टचे आटे आणि टोकं ब्रशने साफ करा. टोकांमध्ये मातीचा कण राहिला तरी कपलिंगमध्ये शाफ्ट तिरका बसतो. दोन्ही शाफ्टचे सारखेच आटे आत गेले पाहिजेत, कपलिंगच्या मधलं तपासणी छिद्र असेल तर त्यातून टोकं टेकलेली दिसली पाहिजेत. प्रत्येक पाईप जोडल्यावर शाफ्ट स्पायडरच्या (पाईपमधला बेअरिंग धरणारा सांगाडा) मध्यात आहे का बघा, बाजूला ओढून बेअरिंगमध्ये घालावा लागत असेल तर तो पाईप परत सोडा.

मोटर पंपाला न जोडता तिची दिशा तपासा. उचल द्या, लॉक लावा. प्री-लुब्रिकेशनचं पाणी सोडा, टर्बाइन प्रकारात स्लुइस व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून चालू करा आणि हवा निघाल्यावर सावकाश पूर्ण उघडा. पहिला अर्धा तास ग्लँड सैलच ठेवा, दोरी बसली की थेंबांवर आणा. एका तासाने बंद करून उचल परत मोजा, कारण आटे बसल्यावर ती थोडी बदलते. मग पाचही आकडे, पाण्याच्या पातळीसकट, नव्या पानावर लिहा आणि बदललेल्या भागांची यादी त्याच पानावर चिकटवा.